विहाराच्या मागचा जांब

कर्र... कर्र... कर्र.

लाईन जाऊन कुलर बंद पडला होता, आणि कुलर बंद पडला की नव्या गावातली मे महिन्याची दुपार अशी गप्प होते की भिंतीवरच्या पालीची पावलंही ऐकू यावीत. त्या गप्पपणात हा आवाज. झोपलेल्या लेकीच्या, प्रतिक्षाच्या अंगावरचा हात तृप्तीने अलगद काढून घेतला आणि ती पिंजऱ्याशी जाऊन बसली.

जवस पिंजऱ्याची सळई चावत होती. लाकूड संपलं म्हणून लोखंड. तिचं एक वेळ निभावेल, पण लाखोळी कोपऱ्यात पाठीचं कुबड काढून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, पुढ्यातलं गवत सकाळपासून जसंच्या तसं. तृप्तीने सळईतून बोट आत घातलं. एरवी धावत येऊन नख हुंगणारी लाखोळी हललीही नाही. ओठाखालून तिचे दात दिसत होते. लांब, किंचित वाकडे, आणि नेहमीच्या नारिंगी रंगाऐवजी जुन्या कवडीसारखे फिके.

या दोघी डेगू. उंदराहून मोठ्या, खारीहून जाड्या, शेपटीच्या टोकाला केसांचा झुबका. साता समुद्रापलीकडच्या कुठल्याशा डोंगरातला हा जीव. तृप्तीचा नवरा अनुप पुण्याला नोकरीला होता. त्याच्या खोलीतला मित्र परदेशी निघाला तेव्हा या बहिणींचं काय करायचं हा प्रश्न पडला, आणि दिवाळीच्या सुट्टीत अनुप पिंजरा मांडीवर घेऊनच घरी उतरला. प्रतिक्षाने धानाच्या बांधीतल्या पिकांवरून त्यांची नावं ठेवली. गाव मात्र त्यांना घुशीच म्हणे. मासे विकायला येणारा मनिराम पहिल्याच दिवशी पिंजऱ्यात डोकावून म्हणाला होता, "सूनबाई, आमच्या घरी धा-बारा आहेत. पुण्याहून कायले बोलावल्या?"

गाव हसलं तरी तृप्तीला त्याचं हसू येत नसे. सहा वर्षांच्या पोरीला बाप सहा-सहा महिने दिसत नाही. रोज संध्याकाळी फोन आला की तो आधी विचारतो, लाखोळीनं काय खाल्लं? मग ती सांगते, आणि सांगता सांगता स्वतःचंही सगळं सांगून टाकते. कालच्या फोनवर ती म्हणाली, "काही नाही खाल्लं." एवढंच. पुढे एक शब्द नाही. फोन आजीच्या हातात देऊन पोर पिंजऱ्याला पाठ करून बसली.

नागपूरला ससे-पोपट बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत. सकाळी तृप्तीने त्यांना व्हिडिओवर लाखोळीचे दात दाखवले होते.

"यांचे दात जन्मभर वाढतात," त्या म्हणाल्या. "झिजले नाहीत की वळून टाळूत घुसतात. माझ्याकडे आणलंत तर कापून देईन, पण या उन्हात बसनं आणू नका, वाटेतच जाईल. गवत वाटून पाण्यातून पाजा, आणि आजच्या आज काहीतरी चावायला लावा. उद्यावर टाकू नका."

"कोणतं लाकूड देऊ?"

"सफरचंदाचं सगळ्यात चांगलं." मग त्यांनाच आपलं हसू आलं असावं. "पेरूचं चालेल. वाळलेलं. पण फवारलेलं नको, रंग दिलेलं नको, तेल लावलेलं नको. कन्हेर तर घरातही आणू नका. करंज नको, आंबा नको, सीताफळ नको. ज्याची खात्री नाही ते नकोच."

पेरू म्हणजे इकडचा जांब. एवढं साधं झाड, सापडेल की, असं वाटून तृप्ती सकाळीच घराबाहेर पडली होती.

आणि तिला पहिल्यांदा कळलं, की या गावात झाडं आहेत पण तिच्या कामाचं एकही नाही. गाव वसून आठ वर्षं झाली. धरणाचं पाणी जुन्या गावात आलं तेव्हा सगळ्यांना इथे माळावर आणून बसवलं. रस्त्याच्या कडेला सरकारी करंज, शाळेपाशी गुलमोहर, विहाराच्या समोरून कन्हेरीची रांग, गुलाबी फुलांनी वाकलेली. घराघरांत लाकूड आहे ते जुन्या गावातून उपसून आणलेलं, चौकटी, छपराचे फाटे, आढ्याच्या मयाली, पण वाळवी लागू नये म्हणून त्या सगळ्यावर जळकं ऑइल फासलेलं. बाजेच्या पायाला हात लावला तरी बोटं काळी होतात.

"कडूनिंबाचं देनं," शेजारची चंद्रभागाबाई ओट्यावरून म्हणाली. "आमी जनमभर कडूनिंबाचं दातन केलं. दातासाठी त्याच्यावानी काही नाही."

"किती राहिले, काकू?"

"दोन आहेत," चंद्रभागाबाईने ते दाखवले. "पण कसे आहेत, पाय बरं."

आसगावच्या रस्त्याला लिलाधरभाऊंची जांबाची बाग होती. भर उन्हात तृप्ती तिथवर चालत गेली. त्यांनी फांदीला हात घातला, आणि मग काढून घेतला. "नको वहिनी. कालच औषध मारलं. मले काय, मी देऊन देईन, पण तुमच्या पोरीचं मन मोडन."

म्हणून ती रिकाम्या हाताने परतली होती, आणि आता दुपार कलायला दोन-तीन तास उरले होते.

मागच्या छपरीत सुमनबाई, तिची सासू, अंगावर ओला पंचा टाकून पडल्या होत्या. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "भेटलं का व लाकूड?"

"नाही, आत्या. जांब लिलाधरभाऊकडेच, आणि तो फवारलेला."

"विहाराच्या मांगं आहे ना जांब," सुमनबाई झोपेतल्या आवाजात म्हणाल्या. "कौशल्यानं लावलेला. त्याले कोणी थेंबभर औषध नाही मारलं. वाळक्या काड्या पडल्या राह्यतेत खाली. जाय, घेऊन ये."

तृप्ती उठलीच. विहारात ती दर पौर्णिमेला जाई, पण समोरून. मागच्या अंगाला ना घर, ना वाट. तिथे झाड असेल तर आपल्याला कुठून माहीत असणार? डोक्यावरून पदर ओढून ती निघाली.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. विहाराच्या भिंतीला वळसा घातला आणि पहिल्यांदा जाणवला तो गारवा. ओल्या पोत्याखालून जावं तसा. झाड होतं. बुटकं, पसरट, खोडाची साल पापुद्र्यांनी सुटलेली, आणि त्याखाली एक बाई दोन्ही गुडघे उभे करून बसली होती. पन्नाशीची असेल. कोपरापर्यंत गोंदलेलं. लुगड्याचा काठ पायाशी ओला होता, नुकतंच धुणं धुऊन बसलेल्या बाईसारखा.

"जय भीम," तृप्ती म्हणाली.

"जय भीम. कोनाची व तू?"

"डोमाजींची सून."

"डोमाले सून आली?" बाई हसली. "कवा आली? आमाले जेवाले नाही बोलावलं त्यानं."

सासरे जाऊन पाच वर्षं झाली होती. तृप्तीला वाटलं, बाई बरेच दिवस लेकीकडे वगैरे राहिली असेल. मरणाची गोष्ट उन्हात उभ्याउभ्या कशी काढायची? तिने कामाचंच काढलं. "एक वाळकी फांदी पाहिजे होती. दातासाठी."

"लेकराच्या?"

"नाही. आम्ही पाळल्या आहेत, उंदरासारख्याच..."

"उंदीर पाळले?" बाई पुन्हा हसली, पण या वेळी तिचं हसू लवकर संपलं. "बरं आहे. घरात उंदीर आहेत म्हणजे घर आहे. आमच्या घरचे तं आधीच गेले. एका सकाळी पायलं, रांगेनं चालले, मायच्या मांगं पिल्लं. मी म्हटलं, जा बापा, तुमाले समजते, आमाले नाही समजत."

तिने हात वर करून फांदी मोडली. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड. मोडताना काही आवाज झाला नाही, हे तृप्तीला नंतर आठवलं. फांदी हातात देताना बाईची बोटं लागली. ती थंड होती आणि बोटांची टोकं, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी, सुरकुतलेली होती.

"घे. माझा जांब कोनाले बाधत नाही," बाई म्हणाली. "संपली का आनखी ये."

घरी येऊन तृप्तीने फांदी बादलीत बुडवली. वाळक्या लाकडाची धूळ निघते. इथे गाळ निघाला. काळा, मऊ, तळ्याच्या वासाचा. तिने पाणी बदललं, पुन्हा गाळ. सालीच्या बेचक्यात बोराएवढी एक गोगलगाय चिकटलेली, शंख पांढरा, आत कोणी नाही. तिसऱ्या पाण्याला सुमनबाई उठून आल्या.

त्यांनी फांदी हातात घेतली, नखाने साल खरवडली, नाकाशी नेली. मग फार हळू विचारलं, "हे कोठून आनलं?"

"तुम्हीच म्हणाल्या ना. विहाराच्या मागून."

सुमनबाई फांदी घेऊन उंबऱ्यात बसल्या.

ही या गावातल्या म्हाताऱ्या माणसांची खोड. आठ वर्षं झाली तरी त्यांची बोटं जुन्या गावाच्याच दिशा दाखवतात. गल्ल्या त्याच क्रमाने पाडल्या, शेजार तोच ठेवला, म्हणून पायांना फरक कळत नाही. लग्न होऊन नवी आलेली तृप्ती, तुमसरची पोर, तिने जुनं गाव पाहिलंच नव्हतं. पहिल्या महिन्यात सासऱ्यांनी तिला 'चिंचेखालच्या दुकानातून' मीठ आणायला पाठवलं होतं, आणि ती तासभर फिरून आली तेव्हा कळलं की ते दुकान चिंचेसकट पाण्यात आहे. आठवडाभर गाव हसलं होतं. तेव्हापासून ती प्रत्येक वेळी विचारून घेई, आत्या, नवं का जुनं? आज घाईत विचारायचं राहिलं.

"मी जुन्या विहाराचं सांगतलं व," सुमनबाई म्हणाल्या. "झोपेत होती मी. नव्या विहाराच्या मांगं डीपी आहे लाईनची. झाड कोठं आहे तिथं?"

"झाड आहे, आत्या. बाई पण होती तिथे. गोंदलेली. तिनंच मोडून दिली."

सुमनबाईंनी फांदी खाली ठेवली, पण सोडली नाही. "काय बोलली?"

तृप्तीने सांगितलं. उंदरांचं सांगितलं तेव्हा सुमनबाईंनी डोळे मिटून घेतले.

"कौशल्याबाई," त्या म्हणाल्या. "श्रावन होता. पानी गल्लीत आलं, मंग दोन ट्रॅक्टर आले आमाले न्यायाले. ते बसली होती माझ्याजवळ. मंग म्हणे, कोंबड्या झाकाच्या राहिल्या, आलीच मी. उतरली. आमचा ट्रॅक्टर हालला. मी म्हटलं, मांगच्यात येईल. मांगचेवाले म्हणे, समोरच्यात गेली आसन." त्या थांबल्या. "इथं येऊन सामान उतरवलं तवा समजलं का दोन्हीत नाही. मनिराम डोंगा घेऊन गेला. घराले बाहेरून कुलूप होतं. कोंबड्या झाकलेल्या. ते नाही भेटली. आजवर नाही भेटली."

तृप्ती उठली आणि पुन्हा विहाराकडे गेली. अर्ध्या रस्त्यात तिला पायांनी सांगून टाकलं होतं, तरी गेली. विहाराच्या मागे कुंपणातली डीपी गुणगुणत होती. फुटक्या विटा, एक तुटकी चप्पल, आणि भेगा पडलेली पांढरी जमीन. गारवा नव्हता. उभं राहवेना इतकी आग होती.

घरी आली तेव्हा प्रतिक्षा उठून पिंजऱ्याशी बसली होती. लाखोळी आता आडवी झाली होती. पोट भरभर खालीवर होत होतं. प्रतिक्षा तिला बापाचा आवाज काढून सांगत होती, "खाय ना व माझी शानी. एक घास."

"आत्या, देऊ का मी ती फांदी?" तृप्तीने विचारलं.

"पान्यातलं घरात आनत नाहीत आपल्यात."

"नाही दिली तर संध्याकाळपर्यंत जाईल ही."

"आन् देऊन गेली तं?" सुमनबाई म्हणाल्या. "मंग पोरीले काय सांगशीन? कोनं मारली म्हनून सांगशीन?"

तृप्तीने फांदी पुढ्यात घेतली आणि डॉक्टरीणबाईंचे शब्द एकेक करून तिच्यावरून फिरवले. पेरूचं आहे. फवारलेलं नाही. रंग नाही, तेल नाही. आजवर कुणी त्याला औषधाचा थेंब लावला नाही. पंचक्रोशीत याहून बिनधोक लाकूड सापडणार नव्हतं.

प्रतिक्षा तान्ही होती तेव्हा तिचं दूध, तिची पेज, तिचं औषधसुद्धा तृप्ती आधी आपल्या जिभेवर ठेवायची. आताही तिने तेच केलं. फांदीचं टोक तोंडात धरलं आणि दाढेखाली चावलं. सुमनबाई "अवं" म्हणून पुढे झाल्या, तोवर तिने तो तुकडा चावून चावून गिळलाही होता. आधी जांबाची तुरट चव आली, ओळखीची. मग तिच्या मागून दुसरी चव आली. गार माती, शेवाळ, आणि बंद घराची दारं खूप दिवसांनी उघडावीत तेव्हा जिभेवर येते ती.

ती घड्याळाकडे बघत बसली. चार वाजले, साडेचार. पोटात दुखलं नाही, डोकं फिरलं नाही. फक्त एकदा वाटलं की कानात पाणी गेलंय, आणि त्या पाण्यापलीकडे कुणीतरी कोंबड्यांना हाक मारतंय. आ, आ, आ. मग तेही थांबलं.

लाईन आली. कुलर घरघरला. तृप्तीने पिंजऱ्याचं दार उघडून फांदी लाखोळीच्या तोंडाशी ठेवली.

लाखोळीने नाक हलवलं. मिशा थरथरल्या. मग ती उठली, आधी पुढचे पाय, मग मागचे, आणि दोन्ही पंजांत लाकूड धरून तिने दात लावले. एकदा घसरले. दुसऱ्यांदा बसले.

"आई," प्रतिक्षा कुजबुजली, "खाऊन राहिली."

जवस मात्र सळई सोडून पिंजऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथून अंग फुगवून बघत राहिली.

संध्याकाळी फोन आला तेव्हा पोर थांबता थांबेना. बापाला तिने लाखोळीचं सांगितलं, चंद्रभागाआजीच्या दोन दातांचं सांगितलं, आई लाकूड खाते तेही सांगितलं. तो हसत होता. तृप्ती भाकरी थापत ऐकत होती आणि डोळे पुसत होती. सुमनबाई तिच्या बाजूला येऊन बसल्या.

"माझं नाव काढलं का तिनं?" त्यांनी विचारलं.

"कोणी, आत्या?"

"कौशल्यानं. सुमन कशी आहे, असं काही?"

तृप्तीला हो म्हणता आलं असतं. तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "नाही."

"नाहीच काढनार," सुमनबाई म्हणाल्या. "मी म्हटलं होतं ना, चाला, मांगच्यात येईल."

चार दिवसांत लाखोळी पहिल्यासारखी झाली. दात झिजले, त्यांच्यावर नारिंगी रंग परत चढला, सकाळी उजाडताच ती बारीक किलबिल करून प्रतिक्षाला उठवू लागली. डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओवर पाहून शाबासकी दिली. तेवढ्यात लिलाधरभाऊंनीही आठवणीने जुन्या, औषध न लागलेल्या दोन वाळक्या फांद्या आणून दिल्या. त्या जवसने आनंदाने घेतल्या. लाखोळीने हुंगून सोडल्या. लिलाधरभाऊंची असो, शेतातली असो, दुसरी कोणतीही काडी तिला चालेना. ती तिच्या एका फांदीपाशीच बसे.

आणि ती फांदी वाळत नव्हती. तृप्तीने दोन दुपारी तिला स्लॅबवर उन्हात ठेवून पाहिलं, जिथे पापड तासाभरात कडक होतात. खाली आणली तेव्हा ती हाताला गारच लागली. पिंजऱ्यातला भुसा रोज सकाळी ओला निघे. तृप्ती तो मुकाट्याने काढून परसात टाके, आणि परसातल्या त्या कोपऱ्यात, भर मे महिन्यात, माती काळी दिसू लागली होती. सुमनबाई येता-जाता पिंजऱ्याशी थबकत, ऐकत, आणि पुढे जात.

नवव्या दिवशी दुपारी तृप्ती पिंजरा झाडत होती. प्रतिक्षा बाजूला पोटावर पडून, हनुवटीखाली हात घेऊन लाखोळीकडे बघत होती. हातभर फांदीची आता वीतभर राहिली होती. प्रतिक्षाने आपली वीत त्यावर धरून पाहिली. मग करंगळी मिटली आणि पुन्हा धरून पाहिली.

"आई," तिने मान वर न करताच विचारलं, "हे संपलं का मंग आनाले कोन जाईल?"